आधी टाळी, मग पाऊल

स्पेनमधल्या सेव्हिल शहरात फ्लामेंको, म्हणजे गाणे, गिटार आणि नृत्य यांची इथली एकत्र कला, शिकायला आलेल्या माणसाच्या पायांकडे सुरुवातीचे काही आठवडे कोणी फारसे लक्ष देत नाही. आमच्या वर्गात तरी नव्या विद्यार्थ्याला आधी खुर्चीवर बसवतात आणि टाळ्या वाजवायला लावतात. टाचांना आणि चवड्यांना खिळे ठोकलेले नवे कोरे बूट घेऊन आलेल्यांना हे रुचत नाही, आणि काही जण तेवढ्यावरून दुसरी शाळा शोधतात. मला ही पद्धत पहिल्या दिवसापासून पटली, त्याचे एक कारण बहुधा असे की मी मिरजेत वाढले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात रात्रभर चालणाऱ्या गाण्याला आम्हां मुलांना नेत असत. तिथे कलावंताइतकेच समोर बसलेल्या माणसांकडेही पाहण्यासारखे असे. कोणत्या जागेला मान हलते, कोणत्या समेला हात उचलला जातो, हे आम्ही गाणे कळण्याच्या फार आधी शिकलो. फ्लामेंकोमध्ये ऐकणाऱ्याचे हे काम इतके महत्त्वाचे मानलेले आहे की त्याचे रीतसर शिक्षण असते, आणि ते सर्वांत आधी दिले जाते.

या टाळ्यांना इथे पाल्मास म्हणतात. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. दोन्ही तळवे किंचित पोकळ करून एकमेकांवर आणले की बंद, खोल आवाज येतो. तो गायक हळू गात असताना किंवा गिटारवादक एकटा वाजवत असताना उपयोगी पडतो. एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या ताणलेल्या तळव्यावर मारली की कोरडा, टणक आवाज येतो. तो पायकामाच्या वेळी लागतो. कोणता आवाज केव्हा काढायचा याचा निर्णय टाळी वाजवणाऱ्याला गाणे ऐकत ऐकत करावा लागतो, त्यामुळे टाळी यांत्रिक राहूच शकत नाही. त्यापुढचा टप्पा म्हणजे दोघांनी मिळून वाजवणे: एकाने मात्रेवर आणि दुसऱ्याने बरोबर दोन मात्रांच्या मधल्या जागेत. शेजारच्याची टाळी आपल्या टाळीला सारखी ढकलत असते आणि तरीही आपल्याला आपली जागा सोडायची नसते. आमच्या वर्गात या कामाला एक निवृत्त बसचालक आणि एक परिचारिका यांची जोडी सर्वांत पक्की आहे; ते दोघेही नृत्यात बेताचेच आहेत, पण ते हजर नसले तर चांगले नाचणारेही त्या दिवशी नाचायला नाखूश असतात.

तालचक्राला इथे कोंपास म्हणतात. तांगोससारखे काही प्रकार चार मात्रांत बसतात आणि ते आपल्याला सहज उमगतात. सोलेआ, आलेग्रीआस आणि बुलेरीआस हे मोठे प्रकार मात्र बारा मात्रांचे आहेत. सोलेआमध्ये 3, 6, 8, 10 आणि 12 या मात्रांवर जोर येतो, म्हणजे आधी तीन-तीनांचे दोन गट आणि मग दोन-दोनांचे तीन गट अशी ती चाल आहे. बारा मात्रांचे नाव काढताच मला एकताल आठवला आणि मनाला धीर आला. तो धीर खोटा होता. एकतालात सारी रचना पहिल्या मात्रेकडे, समेकडे, ओढ घेते. तिहाई समेवर उतरते, तान समेवर येऊन मिळते, आणि श्रोत्यांची दादही तिथेच पडते. सोलेआ आणि बुलेरीआसमध्ये वाक्य पुरे होते ते दहाव्या मात्रेवर. तिथे पाय थांबतो, गिटारचा स्वर मिटतो, आणि उरलेल्या दोन मात्रा रिकाम्या सोडल्या जातात किंवा पुढच्या आवर्तनाकडे जाण्यासाठी वापरल्या जातात. समेची सवय झालेले शरीर दहाव्या मात्रेवर थांबायला तयार होत नाही. ते आणखी दोन मात्रा पुढे सरकून एकवर पाय ठेवते. ही सवय मोजून सुटत नाही. ती सुटते टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मध्ये बसून, कारण दहावर सगळे हात एकदम थांबले की आपोआप आपलाही थांबतो. सेगिरिया हा प्रकार तर आणखी वेगळा आहे. बाराच मात्रा, पण विभागणी दोन, दोन, तीन, तीन, दोन अशी; म्हणून शिकवताना ती पाच असमान ठोक्यांमध्येच मोजून घेतात. लांब ठोके ताणण्याऐवजी उरकण्याचा मोह होतो, आणि सेगिरियातले सगळे दुःख त्या दोन लांब ठोक्यांमध्येच साठवलेले असते.

गाण्याचा वर्ग वेगळा असतो, आणि नाचणाऱ्यांनी तो करावा असा आमच्या बाईंचा आग्रह आहे. (इथे शिक्षकांना नावाने आणि एकेरीत हाक मारतात. मला ते जमत नाही, म्हणून मी मनात त्यांना बाईच म्हणते.) त्यांचे म्हणणे सरळ आहे. फ्लामेंकोतले नृत्य ठरीव संगीतावर बसवलेले नसते. नर्तिका पायांच्या एका ठरावीक खुणेने गायकाला बोलावते, तिला यामादा म्हणतात. गायक कडवे उचलतो. तो गात असताना नर्तिकेने आपले पाऊल आवरते घ्यायचे आणि ओळ संपते तिथे तिला छोटासा ठोका द्यायचा. पुढची ओळ कधी येणार, गायक एखादा स्वर किती लांबवणार, हे त्या क्षणापर्यंत कोणालाच ठाऊक नसते. ज्याने ते कडवे स्वतः कधी गाऊन पाहिलेले नाही त्याला गायकाचा श्वास कुठे संपत आला आहे हे कळणार नाही, आणि मग तो गाण्यावर पाय वाजवत सुटतो. बाईंच्या दृष्टीने याहून मोठी उद्धटपणाची गोष्ट नाही.

गाण्याचे मास्तर कडव्यांचे शब्द कागदावर देतात, स्वरलिपी देत नाहीत. सोलेआचे कडवे तीन किंवा चार ओळींचे असते, प्रत्येक ओळीत साधारण आठ अक्षरे. एवढ्या लहान जागेत एक पूर्ण आयुष्य मावलेले असते: आईचे आजारपण, तुरुंग, खाण, न आलेले पत्र. आधी जुनी ध्वनिमुद्रणे ऐकायची. सोलेआसाठी आम्हांला फेर्नांदा दे उत्रेरा (1923–2006) यांच्याकडे पाठवले जाते, आणि त्याहून मागे जायचे तर पास्तोरा पाव्होन, म्हणजे ला निन्या दे लोस पेइनेस (1890–1969), यांच्याकडे. फेर्नांदांचा आवाज रूढ अर्थाने गोड नाही. तो खरबरीत आहे आणि कधी कधी सुटायच्या बेतात असतो, तरी प्रत्येक ओळीचा शेवट त्या अशा ठिकाणी नेऊन ठेवतात की दुसरीकडे तो शोभलाच नसता. त्यांची नक्कल करायची नाही आणि तरीही त्यांच्यासारखी ओळ मांडायची, ही मास्तरांची अपेक्षा पुरी करताना सगळ्यांची तारांबळ उडते.

स्वरांच्या बाबतीत मराठी कानाला थोडा फायदा आहे हे मान्य केले पाहिजे. फ्लामेंकोचा मुख्य स्वरसमूह कोमल रे, ग, ध, नी घेऊन चालतो, म्हणजे भैरवी थाटाच्या स्वरांशी जुळतो, आणि अनेक ठिकाणी त्यात शुद्ध गंधार शिरतो, तेव्हा बसंत मुखारी रागाची आठवण होते. माझ्या वर्गातल्या जर्मन मैत्रिणीला कोमल ऋषभावरून षड्जावर उतरताना जे कष्ट पडतात ते मला पडत नाहीत. अडचण माझ्या बाबतीत उच्चारांची आहे. अँडालुसियातले, म्हणजे सेव्हिल ज्यात आहे त्या दक्षिण स्पेनमधल्या प्रांतातले, लोक शब्दाच्या शेवटचा स गिळतात, मधला द उडवतात, आणि पाठ्यपुस्तकातली स्पॅनिश भाषा घेऊन गाणे म्हटले की ते रेल्वे स्थानकावरच्या घोषणेसारखे वाटते. मास्तर एकदा म्हणाले की व्याकरण घरी ठेवून ये, गळा घेऊन ये. गाणे सुरू करण्यापूर्वी ‘आय’ या एका उद्गारावर स्वर शोधत जाण्याची पद्धत आहे. आलेग्रीआस हा काडिस शहराचा आनंदी प्रकार असल्याने त्याची सुरुवात ‘तिरितित्रान’ अशा निरर्थक बोलांनी होते, आणि तराणा ऐकत वाढलेल्या माणसाला तिथे एकदम घरी आल्यासारखे वाटते. मार्तिनेते हा प्रकार गिटारविना गातात. त्याचे नाते सेव्हिलच्या त्रियाना या वस्तीतल्या लोहारांच्या भट्ट्यांशी सांगितले जाते. तो वर्गात शिकवत नाहीत. मास्तर कधी तरी स्वतः गातात आणि आम्ही ऐकतो.

पेन्या म्हणजे फ्लामेंको ऐकणाऱ्यांनी वर्गणी काढून चालवलेले मंडळ. ग्रानादाची ला प्लातेरिया 1949 साली सुरू झाली आणि ती अशा मंडळांमध्ये सर्वांत जुनी मानली जाते. पुढच्या दशकांत अँडालुसियाच्या गावोगावी अशी मंडळे निघाली. बहुतेकांची घडण सारखीच: एक लांबट खोली, एका टोकाला लहानसे लाकडी व्यासपीठ, भिंतींवर दिवंगत कलावंतांची छायाचित्रे, मागे स्वस्त दारू आणि ऑलिव्ह देणारा गल्ला. पूर्वी ही पुरुषांची जागा होती आणि काही ठिकाणी बायकांना सभासदत्व मिळायला बराच काळ लागला, ही गोष्ट आमच्या पेन्यातल्या वयस्कर बायका अजूनही ऐकवून दाखवतात. इथे एक नियम कडकपणे पाळला जातो: गाणे चालू असताना बोलायचे नाही. पर्यटकांसाठीच्या कार्यक्रमांत ताटल्या वाजतात, पेन्यात पेला ठेवल्याचा आवाज झाला तरी माना वळतात. आणि त्याच शांततेत मधूनच कोणी तरी हलकेच ‘ओले’ म्हणतो. या उद्गारांना खालेओ म्हणतात. नवखा माणूस उत्साहाच्या भरात ओळीच्या मध्येच ओरडतो आणि गायकाचे सूत्र तोडतो. जाणता माणूस ओळ दहावर उतरेपर्यंत थांबतो. मिरजेच्या जाणत्या श्रोत्यांना हे वेगळे सांगावे लागले नसते.

हे सगळे शाळेत शिकावे लागते याचे कारण मात्र आनंदाचे नाही. पूर्वी ते अंगणात आपोआप शिकले जाई. त्रियानात, नदीच्या पलीकडच्या काठावर, मधोमध चौक आणि भोवती एकेका खोलीत एकेक कुटुंब अशी घरे असत; गिरगावातल्या चाळीत राहिलेल्या माणसाला त्यांचे वेगळे वर्णन करण्याची गरज नाही. सामाईक नळ, सामाईक धुण्याची जागा, आणि लग्न किंवा बारसे निघाले की सगळ्या चौकाचे गाणे. खितानो, म्हणजे स्पेनमधले रोमा लोक, आणि बाकीचे गरीब अँडालुसियन अशी दोन्ही माणसे तिथे एकमेकांना लागून राहत. 1950 च्या दशकापासून ही घरे रिकामी करण्यात आली, जमिनीला भाव आला, आणि त्रियानातल्या खितानो कुटुंबांना शहराच्या कडेच्या वसाहतींमध्ये हलवण्यात आले. त्रियानात आज फ्लामेंकोच्या नावाने दुकाने पुष्कळ आहेत. ज्यांच्या चौकांतून ते गाणे आले त्यांची नातवंडे तिथे राहत नाहीत. खेरेस या गावात सान्तियागो आणि सान मिगेल या वस्त्यांचे तसे पूर्ण विसर्जन झाले नाही, आणि बुलेरीआस शिकायचे तर खेरेसला जा असे जे सांगतात त्यामागे हेही एक कारण असावे. तिथल्या आनिका ला पिरिन्याका (1899–1987) यांची गोष्ट मला नेहमी आठवते. नवरा हयात असेपर्यंत त्यांना चारचौघांत गाता आले नाही. वैधव्य आल्यावर, उतारवयात, त्या गाऊ लागल्या आणि मोठ्या गायिका म्हणून ओळखल्या गेल्या. तोपर्यंतचे त्यांचे गाणे त्यांच्या घराने आणि शेजारानेच जपले होते.

खेरेसमध्ये बुलेरीआसचा वर्ग कसा चालतो ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. सगळे अर्धवर्तुळात उभे राहतात. टाळ्या सुरू होतात, एक जण गातो, आणि ज्याची पाळी असेल त्याने मध्ये यायचे, एक कडवे संपेपर्यंत नाचायचे आणि बाहेर पडायचे. या छोट्या नाचाला पाताइता म्हणतात. त्यात पावले थोडीच असतात. खरी परीक्षा आत कधी शिरायचे आणि बाहेर कसे पडायचे याची असते. एखादी नवी बाई मध्ये येऊन गोंधळली की वर्तुळात जे घडते ते बाहेरच्या माणसाला दिसतही नाही. मधल्या जागेत वाजणारी टाळी आधी बंद होते. उरलेल्या टाळ्या साध्या आणि ठाम होतात, म्हणजे चक्र पुन्हा स्पष्ट ऐकू यावे. गायक कडव्याची ओळ दुसऱ्यांदा घेतो, तिला वेळ मिळावा म्हणून. दहावी मात्रा जवळ आली की दोन-तीन जण ‘वामोनोस’ म्हणजे ‘चला’ असे म्हणतात, आणि ती त्या हाकेवर बाहेर पडते. कोणी तिला शाबासकी देत नाही, कोणी धीर देण्यासाठी थोपटत नाही. तिचा ताल वर्तुळाने काही क्षण उचलून धरला आणि परत तिच्या हाती दिला, एवढेच. लोक आधार देणाऱ्या समूहाबद्दल बोलतात तेव्हा त्यांच्या मनात पुष्कळदा गोड बोलणे असते. इथला आधार हे कसब आहे आणि ते येत नसेल तर मायेचा काही उपयोग होत नाही. म्हणूनच आधी टाळी.

मी भारतीय आहे हे कळल्यावर जवळजवळ प्रत्येक नवा परिचित मला सांगतो की फ्लामेंको तुमच्याकडूनच आले, कथ्थकमधून आले. हे ऐकून सुखावण्याचा मोह मी टाळते. रोमा लोकांच्या भाषेवरून त्यांचे मूळ भारतात आहे हे पक्के आहे, आणि 1425 साली आरागोनच्या राजाने त्यांच्यातल्या एका प्रमुखाला दिलेले प्रवासपत्र हा स्पेनमधला त्यांचा सर्वांत जुना लेखी पुरावा आहे. पण ते भारतातून निघाले त्याला तेव्हाही कित्येक शतके लोटली होती. फ्लामेंको घडले अँडालुसियात, अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत, खितानो आणि स्थानिक गरिबांच्या सहवासात, आणि त्यात अरब, आफ्रिकी आणि अमेरिकेतून परत आलेल्या चालींचाही वाटा आहे. कथ्थकचे आजचे रूपही बरेचसे एकोणिसाव्या शतकात लखनौ आणि जयपूरच्या दरबारांत घडलेले आहे. दोघांच्या पायांत आणि गिरक्यांत साम्य आहे, ते पाहायला मौज वाटते, पण एकीला दुसरीची आई ठरवण्याने खितानोंचे श्रेय जाते. त्यांनी या कलेची किंमत फार मोजली आहे. 1749 च्या जुलैमध्ये राजाज्ञेने स्पेनभर एकाच वेळी खितानोंची धरपकड झाली; पुरुषांना नौदलाच्या गोद्यांमध्ये वेठीला धरले आणि बायकामुलांना वेगळे कोंडले. सेगिरिया ऐकताना ही तारीख माहीत असलेली बरी.

त्या अर्थाने आमच्यासारख्या परदेशी शिकाऊ माणसांची जागा नाजूक आहे. सेव्हिल आणि खेरेसच्या शाळा जपान, जर्मनी, फ्रान्स, अमेरिका इथून येणाऱ्यांच्या शुल्कावर बऱ्याच अंशी चालतात. त्यातून कलावंतांना निश्चित मिळकत होते, आणि त्यातूनच हेही होते की ज्या वस्तीतून कला आली तिथल्या मुलांना त्या शुल्काचा वर्ग परवडत नाही. हे अवघडलेपण मिटवण्याचा उपाय माझ्याजवळ नाही. निदान पेन्याची वर्गणी वेळेवर भरावी, कलावंताला मानधन देणाऱ्या कार्यक्रमाला जावे, आणि रात्री उशिरा मोठी माणसे गायला लागली की मोबाइल खिशात ठेवावा, इतके तर करता येते. उत्रेरा गावात 1957 पासून पोताखे खितानो नावाचा उत्सव भरतो. एका धार्मिक मंडळातल्या खितानो लोकांनी एकत्र शेंगांच्या बियांची आमटी रांधून खाण्यापासून तो सुरू झाला आणि पुढे देशातले मोठे गायक तिथे गाऊ लागले. तिकीट काढून गेलेल्या माणसालाही तिथे आमटीचा वाडगा मिळतो, हे मला फार योग्य वाटते.

सध्या आमच्या वर्गाचे लक्ष डिसेंबरकडे आहे. खेरेसमध्ये नाताळच्या आधीचे काही आठवडे अंगणा-अंगणांत साम्बोम्बा भरते. साम्बोम्बा हे मूळ वाद्याचे नाव: मातीच्या भांड्याच्या तोंडावर कातडे ताणून त्यात मधोमध बोरूची काडी बसवतात, आणि ओल्या हाताने ती काडी वरखाली घासली की खोल घुमणारा आवाज निघतो. शेकोटीभोवती खुर्च्या, हातात खंजिऱ्या, बडीशेपेच्या दारूची खडबडीत बाटली चमच्याने तालात खरवडणारे एक आजोबा, आणि नाताळची जुनी गाणी बुलेरीआसच्या चालीवर. 2015 साली अँडालुसियाच्या सरकारने या प्रथेला सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिले. इथे वर्ग नसतो, पाळी नसते, आणि कोणाची पातळी कोणी विचारत नाही. ध्रुवपद सगळ्यांनी म्हणायचे आणि मधली कडवी ज्याला येतील त्याने उचलायची. मास्तरांनी प्रत्येकाला एक कडवे नेमून दिले आहे. माझ्या वाट्याला आलेल्या कडव्यात धुणे वाळत घालणारी मेरी आहे, आणि तिसऱ्या ओळीतला ‘आय’ मी हवा त्यापेक्षा लांब धरते असे परिचारिकाबाईंचे मत आहे. येत्या गुरुवारी त्या टाळी धरून बसणार आहेत आणि मी तो तोकडा करून दाखवायचा आहे.